मोठं काम फोडायचं कसं? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझ्या कामांच्या यादीत ‘जुने फोटो स्कॅन करणे’ ही ओळ अकरा महिने होती. दर महिन्याला नवी यादी केली की ती ओळ इमानेइतबारे पुढच्या पानावर उतरवायची, एवढंच मी तिचं केलं. आळस म्हणावा, तर त्याच काळात यादीतली बाकीची कितीतरी कामं उरकली होती. पण रविवारी दोन तास मोकळे मिळाले, तरी त्या दोन तासांत नेमकं काय करायचं हे ती ओळ सांगत नव्हती. स्कॅनर मिळवायचा? अल्बम शोधायचे? सुरुवात कुठल्या फोटोपासून? याचं उत्तर नसलं की माणूस यादीतलं दुसरं, सोपं काम उचलतो.

काम फोडायला सांगितलं की नवशिके बहुतेक वेळा विषयांची यादी करतात. स्कॅनिंग, नावं, बॅकअप. दिसायला छान, कामाला बसल्यावर उपयोग शून्य. ‘नावं’ हे काम झालं की नाही, हे ठरवायचं कशावरून? तुकडा असा हवा की तो संपला हे तिऱ्हाइतालाही दाखवता येईल. खाली जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीला धरून आहे. उदाहरण माझ्या फोटोंचंच घेतो. तुमचं काम प्रबंध असेल, घर बदलणं असेल किंवा एखादं छोटं ॲप असेल, पद्धत तीच.

आधी शेवट लिहा

काम संपेल त्या दिवशी समोर काय असेल, ते तीन-चार वाक्यांत लिहून काढा. माझं असं होतं: चार अल्बम आणि एक खोका मिळून अंदाजे ६०० फोटो. ते सगळे स्कॅन होऊन एका फोल्डरमध्ये. भावंडांपैकी कुणालाही फाइलचं नाव वाचून साल आणि माणसं कळावीत. सगळ्याची प्रत दोन वेगळ्या जागी.

त्याच्या खाली दुसरी यादी करा, काय करणार नाही याची. निगेटिव्ह नाहीत, व्हिडिओ कॅसेट नाहीत, फाटलेल्या फोटोंची दुरुस्ती नाही. ही यादी लोक गाळतात, आणि मग ‘आलोच आहोत तर हेही करून टाकू’ म्हणत काम फुगत जातं. दुरुस्तीचा मोह मला दोनदा झाला. दोन्ही वेळा या यादीने वाचवलं.

काम दुसऱ्या कुणासाठी असेल, तर या दोन्ही याद्या त्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘मला वाटलं तुम्ही तेही करणार आहात’ हे वाक्य पहिल्या दिवशी ऐकलेलं बरं.

कामाचं झाड काढा

आता मोठा कागद घ्या आणि डोक्यात येईल ते सगळं लिहून काढा. क्रम नको, नीटनेटकेपणा नको. मग त्याचे गट करा. खोड म्हणजे पूर्ण काम, फांद्या म्हणजे त्याचे मोठे भाग, पानं म्हणजे प्रत्यक्ष करायची कामं. व्यवस्थापनाच्या भाषेत याला वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर म्हणतात. पद्धत नवी नाही. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राचा प्रचंड पसारा आवरताना १९५७-५८च्या सुमारास पर्ट नावाचं नियोजनतंत्र तयार झालं. १९६२मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने आणि नासाने त्याच्या मार्गदर्शिकेत कामाची ही झाडासारखी फोड मांडली, आणि १९६८मध्ये तिचं लष्करी मानक झालं. फोटोंच्या खोक्याला क्षेपणास्त्राचं तंत्र म्हणजे अतीच वाटेल, पण त्यातला एक नियम लहान कामालाही लागू पडतो: फांद्यांची बेरीज बरोब्बर खोडाएवढी यायला हवी. कमी आली तर काहीतरी विसरलंय. जास्त आली तर पहिल्या यादीत नसलेलं काहीतरी आत घुसलंय.

वरच्या फांद्यांना नाम वापरा, पानांना क्रियापद. ‘पहिला अल्बम’ ही फांदी. ‘पहिल्या अल्बमची पानं १ ते १० स्कॅन करणे’ हे पान.

बेरीज कमी येते ती बहुधा ठरावीक ठिकाणीच. साधन शिकायला लागणारा वेळ कुणी लिहीत नाही. दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहण्याचा वेळही नाही. परवानगी मागणं, तपासणी, तपासणीत सापडलेल्या चुका दुरुस्त करणं, उसनं आणलेलं परत करणं, शेवटची आवराआवर ही सगळी खरी कामं आहेत आणि प्रत्येकाला वेळ लागतो. माझ्या झाडात ‘अल्बममधून काढलेले फोटो परत जागेवर लावणे’ हे नव्हतंच. सहाशे फोटो! ते लक्षात आलं तेव्हा जमिनीवर फोटोंचे ढीग होते आणि कुठला फोटो कुठल्या पानावरचा हे सांगायला कुणी नव्हतं. तेव्हापासून अल्बममधून फोटो सोडवण्याआधी अल्बमच्या त्या पानाचा मोबाइलवर एक फोटो घ्यायचा, हे काम झाडाला जोडलं.

तुकडा केवढा असावा?

मोठ्या प्रकल्पांत एक ठोकताळा चालतो: तुकडा ८ तासांपेक्षा लहान नको आणि ८० तासांपेक्षा मोठा नको. तो पगारी, पूर्णवेळ माणसांच्या चमूसाठी आहे. एकट्याने, फावल्या वेळात काम करणाऱ्याचं माप वेगळं. एका बैठकीत उरकेल एवढा तुकडा करा. तुमची बैठक तासाभराची असेल तर तासाचा, दोन तासांची असेल तर दोन तासांचा.

मापापेक्षा महत्त्वाच्या चार कसोट्या आहेत. प्रत्येक पान त्यांतून काढा.

पहिली, त्यात करायची कृती आहे का? ‘फाइलची नावं’ नापास. ‘फाइलची नावं कशी द्यायची ते ठरवून पाच ओळींत लिहिणे’ पास.

दुसरी, संपल्यावर हातात काय दिसेल? पाच ओळींचा कागद, वीस फाइल, पाठवलेला मेल, काहीही चालेल, पण दिसलं पाहिजे. ‘स्कॅनिंग चालू करणे’ याचा शेवट दिसत नाही, म्हणून तो तुकडा नव्हे.

तिसरी, वाक्यात ‘आणि’ आहे का? असेल तर बहुतेक वेळा तिथे दोन कामं चिकटलेली असतात. ‘स्कॅनर मिळवणे आणि सेटिंग ठरवणे’ यात पहिलं दुसऱ्या माणसावर अवलंबून आहे, दुसरं माझ्यावर. पहिलं अडलं की दुसरंही उगाच अडतं.

चौथी माझ्या मते सगळ्यांत कामाची. डोळे मिटून विचारा, ‘हे काम करायला बसलो तर पहिल्या मिनिटाला हात कुठे जाईल?’ चित्र दिसलं तर तुकडा झाला. नाही दिसलं तर अजून फोडा, किंवा आधी माहिती मिळवा.

माहिती मिळवण्याच्या कामांपासून जरा सावध. ‘स्कॅनिंगचा अभ्यास करणे’ हे विहिरीत उतरण्यासारखं आहे, तळ लागत नाही. अशा कामाला प्रश्नाचं रूप द्या आणि वेळेचं कुंपण घाला: ‘छापील फोटोंसाठी किती डीपीआय (एका इंचात किती ठिपके) ठेवायचं, हे पाऊण तासात ठरवणे’. मला पाऊण तासात उत्तर मिळालं. साध्या आकाराच्या फोटोंना ६०० डीपीआय पुरेसं, आणि जपून ठेवायची प्रत टिफ या फाइलप्रकारात, कारण नेहमीच्या जेपेगमध्ये फाइल लहान करताना थोडा तपशील गळतो. यापुढे आणखी तीन दिवस वाचता आलं असतं. फोटो तेवढेच राहिले असते.

एक गोष्ट मात्र करू नका. सगळं झाड पानांपर्यंत पहिल्याच दिवशी फोडू नका. येत्या दोन-तीन आठवड्यांचा भाग बारीक करा, पुढचा फांद्यांपुरताच ठेवा. चौथ्या अल्बमची पानापानांची यादी मी पहिल्या रविवारी केली होती आणि तिसऱ्या रविवारी फाडून टाकली. का ते पुढे येतंच आहे.

उभा काप घ्या

या लेखातली एकच पायरी करायची असेल, तर ही करा.

केकचे थर असतात तसे कामाचेही थर असतात. माझ्या कामात थर असे: अल्बममधून फोटो सोडवणे, स्कॅन करणे, नाव देणे, माणसं ओळखणे, प्रत ठेवणे. सरळसाधं डोकं म्हणतं, आधी एक थर पुरा करू. सहाशे फोटो स्कॅन करू, मग सहाशे नावं देऊ. यात धोका असा की पहिल्या थरातली चूक शेवटच्या थरात कळते, आणि तोवर ती सहाशे वेळा झालेली असते. शिवाय मध्येच काम थांबलं तर हातात सहाशे निनावी फाइल राहतात, ज्यांचा कुणाला काही उपयोग नाही.

उभा काप म्हणजे मोजके फोटो घेऊन ते सगळ्या थरांतून पार न्यायचे. मी दहा घेतले. अल्बममधून काढले, स्कॅन केले, नावं दिली, दोन जागी ठेवले आणि बहिणीला फोल्डर पाठवून म्हटलं, ‘यातला आजोबांचा फोटो शोध बरं.’

त्या दहा फोटोंनी जे शिकवलं ते कुठल्याही नियोजनाने शिकवलं नसतं. फाइलच्या नावात सुरुवातीला वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवला होता, म्हणजे कॉम्प्युटर आपोआप काळाप्रमाणे लावतो. पण दहापैकी सहा फोटोंची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. मग फक्त दशक लिहायचं ठरलं. दोन फोटो पानाला असे चिकटले होते की ओढले असते तर फाटले असते, ते पानासकटच स्कॅन करावे लागले. बहिणीला आजोबा सापडले नाहीत, कारण मी त्यांचं नाव लिहिलं होतं आणि ती ‘आजोबा’ शोधत होती. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दहा फोटोंना ७० मिनिटं लागली.

फोटोमागे ७ मिनिटं. ६०० फोटोंना ४,२०० मिनिटं, म्हणजे ७० तास. आठवड्याला दोन तास धरले तर ३५ आठवडे. हा हिशेब समोर आल्यावर मी एक तास बसून अल्बम चाळले. एकाच क्षणाचे चार-चार फोटो, नुसते डोंगर, अंगठा आलेले फोटो बाजूला काढले. उरले २००. त्यांना साधारण साडेतेवीस तास, म्हणजे बारा आठवडे. चौथ्या अल्बमची ती सुंदर यादी मी का फाडली, ते आता कळलं असेल.

प्रबंधाचा उभा काप म्हणजे एक लहान प्रकरण संदर्भांसह पूर्ण लिहून मार्गदर्शकांना दाखवणं. ॲपचा उभा काप म्हणजे एकच बटण, पण दाबल्यावर माहिती खरोखर साठवली जाते आणि परत दिसते. घर बदलताना एक कपाट पूर्ण भरा, खोक्यांवर नावं घाला आणि किती वेळ लागला, किती खोकी लागली ते लिहा. बाकीच्या घराचा अंदाज त्यावरून येतो.

क्रम: घोडं कुठे अडेल?

तुकडे झाले की प्रत्येकापुढे लिहा, हे सुरू करायला आधी काय झालेलं हवं? बहुतेक तुकड्यांपुढे काही येणार नाही, तेव्हा हे दहा मिनिटांत होतं. एकावर एक अवलंबून असलेल्या तुकड्यांच्या साखळ्या जोडून पाहा. त्यांतली वेळेने सगळ्यांत लांब साखळी तुमच्या कामाची शेवटची तारीख ठरवते. तिच्यातल्या तुकड्याला उशीर झाला की पूर्ण कामाला उशीर. बाकी ठिकाणी थोडं मागेपुढे चालतं. क्रिटिकल पाथ म्हणतात तो हाच, आणि तोही १९५७च्या आसपासचाच, ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या कामातून आलेला.

यातून दोन सवयी लावून घ्या. ज्यात दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहायची आहे, ते काम पहिल्या दिवशी पाठवून द्या. स्कॅनर उसना मागायला दोन मिनिटं लागतात, पण तो हातात यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी स्कॅनर न लागणाऱ्या कामांत घालवू शकलो, कारण मागणं आधी केलं होतं. दुसरी, ज्याची धास्ती वाटते ते काम लवकर काढा. चिकटलेले फोटो सुटतच नसतील, तर ते शेवटच्या आठवड्यात कळून काय उपयोग?

किती वेळ लागेल?

जास्त. तुम्ही म्हणताय त्यापेक्षा जास्त.

१९७९मध्ये डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी या प्रवृत्तीला नियोजनाची चूक, प्लॅनिंग फॅलसी, असं नाव दिलं. मागच्या वेळी उशीर झाला होता हे ठाऊक असूनही माणूस या वेळचा अंदाज सगळं सुरळीत होईल असंच धरून करतो. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत संपेल? सरासरी अंदाज आला ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ दिवस. म्हणजे ‘सगळंच बिघडलं तर’ हा अंदाजसुद्धा आशावादीच ठरला.

काम फोडण्याचा इथे एक वेगळाच फायदा होतो. जस्टिन क्रुगर आणि मॅट एव्हान्स यांनी २००४मध्ये दाखवलं की त्याच कामाचे भाग सुटे करून समोर ठेवले की लोक जास्त वेळ धरतात, आणि अंदाज वास्तवाच्या जवळ जातो. तेव्हा पूर्ण कामाचा अंदाज करूच नका, पानांचा करा आणि बेरीज घ्या.

एखाद्या पानाबद्दल अगदीच सांगता येत नसेल, तर पर्टमधलं सूत्र वापरा. सगळं नीट झालं तर किती, नेहमीसारखं झालं तर किती, बिनसलं तर किती, असे तीन आकडे घ्या. मधल्याला ४ने गुणा, तिन्हींची बेरीज करा, ६ने भागा. समजा १, २ आणि ९ तास असतील, तर १ अधिक ८ अधिक ९, म्हणजे १८. भागिले ६, उत्तर ३ तास. तुमच्या मनात होते दोन. तोंडी सांगताना लोक हे तिसऱ्या आकड्याचं ओझं विसरतात. पण उभ्या कापातून मोजलेली वेळ हाताशी असेल, तर सूत्राच्या नादी लागू नका. मोजलेलं नेहमी वरचढ.

काम सुरू झाल्यावर

तीन रकाने पुरतात: करायचं, चालू, झालं. भिंतीवर चिकटचिठ्ठ्या लावा, वहीत आखा, स्प्रेडशीट करा. साधन निवडण्यात संध्याकाळ घालवणारे मी पाहिलेत. आरशात.

‘चालू’ रकान्याला मर्यादा घाला. एकट्या माणसाला दोन तुकडे पुरे, एक मुख्य आणि एक त्यासाठी वाट पाहावी लागली तर. तिसरा घ्यायचा तर आधी एक ‘झालं’मध्ये गेला पाहिजे. नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या, आणि आठवड्याच्या शेवटी दाखवायला काही नाही.

टक्के लिहू नका. ‘८० टक्के झालंय’ या वाक्यावर विश्वास ठेवायला मी आता तयार नाही, स्वतःच्या तोंडच्यासुद्धा. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतल्या टॉम कारगिल यांच्या नावावर प्रोग्रॅमरांमध्ये एक विनोद चालतो: पहिला ९० टक्के कोड लिहायला ९० टक्के वेळ लागतो, आणि उरलेल्या १० टक्क्यांना आणखी ९० टक्के. हत्ती गेला, शेपूट राहिलं, ते हेच. तुकडा झाला किंवा नाही झाला, मधलं काही नको. ‘जवळजवळ झाला’ असं वाटत असेल तर राहिलेल्या शेपटाचा वेगळा तुकडा करून नीट नावाने लिहा.

आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं झाडापाशी बसा. पुढची फांदी पानांपर्यंत फोडा, निरुपयोगी झालेली पानं खुडा, नवीन कळलेली जोडा. झाड बदललं म्हणजे नियोजन चुकलं असं मुळीच नाही. तीन आठवड्यांत झाड अजिबात बदललं नसेल, तर तुम्ही बहुधा त्याकडे बघतच नाही आहात.

आणि एखादा तुकडा हलतच नसेल तर

तीन आठवडे तोच तुकडा पुढे ढकलला जात असेल, तर स्वतःला दोष देण्याआधी तुकडा तपासा. तो अजून मोठा असेल, किंवा आधीची एखादी गोष्ट राहून गेली असेल, किंवा तो करायची मुळात गरजच नसेल. तिसरं असेल तर खुशाल खोडा.

माझा अडलेला तुकडा होता ‘आत्याला फोन करून ओळख न पटलेल्या माणसांची नावं विचारणे’. वर दिलेल्या चारही कसोट्यांत पास. कृती आहे, शेवट दिसतो, ‘आणि’ नाही, हात फोनकडे जातो. तरी तीन आठवडे झाला नाही. चौथ्या आठवड्यात लक्षात आलं की फोनवर मी तिला सांगणार काय? ‘तो पांढऱ्या सदऱ्यातला, डावीकडून तिसरा’? तिच्या हातात फोटोच नव्हते. मधले दोन तुकडे गायब होते.

मग असं फोडलं. ओळख न पटलेले ४० फोटो पानावर चार याप्रमाणे दहा पानांवर मांडणे, प्रत्येकाला मोठा आकडा घालणे: एक तास. पानं छापून तिच्याकडे पाठवणे: वीस मिनिटं. पहिल्या तीन पानांपुरता फोन: अर्धा तास.

फोन पाऊण तास चालला. बारापैकी नऊ फोटोंतली नावं मिळाली. दोन फोटो तर तिच्याकडच्या अल्बममधले निघाले, ते परत मागितलेत तिने. उरलेली सात पानं आता यादीत सात वेगळ्या ओळींत आहेत, आणि ‘आत्याचे दोन फोटो परत देणे’ ही आठवी.